अकरा ते बारा कांडप बंद

दादरच्या ज्या स्टुडिओत मी अनेक वर्षं आवाज दिला, तिथे शांतता भाड्याने मिळत असे आणि ते भाडं दुसरं कोणीतरी भरत असे. जाड दार लोटलं की बाहेरचा रस्ता संपायचा. आपण फक्त कागद हातात धरून माइकसमोर उभं राहायचं.

त्याआधी मी बातम्यांच्या खोलीत होतो. भाषांतर करायचो, मग वाचायला लागलो, मग नोकरी गेली आणि आवाज उरला. स्टुडिओच्या बाहेर एक लांब बाक होतं. त्यावर आम्ही चार-पाच जण आपापल्या वेळेची वाट बघत बसायचो. चहा यायचा. कोणीतरी विचारायचं, "आज काय? साबण की सरकार?" साबण म्हणजे खाजगी जाहिरात, सरकार म्हणजे लसीकरण, मतदान वगैरे. "दोन्ही. आधी हात धुवायचे, मग बोटाला शाई." असं चालायचं. कोण कुठून आलंय हे त्या बाकावर विचारलं जात नसे. गिरगावात स्वतःचं घर असलेला माणूस आणि लालबागच्या चाळीतला मी एकाच माइकसमोर उभे राहायचो. दोघांच्याही मागे तीच कापडी भिंत असायची. मी घरी कसं बोलतो, माझ्या दारासमोर काय वाळत असतं, हे त्या भिंतीला माहीत नव्हतं.

साथीच्या काळात सगळे घरी बसले आणि काम लिंकवरून सुरू झालं. साथ ओसरली, लिंक राहिली. ज्यांना आवाज हवा होता त्यांच्या लक्षात आलं की स्टुडिओशिवाय भागतं. दादरच्या त्या जागेत आता दातांचा दवाखाना आहे. आमच्यापैकी काहींनी काम सोडलं. ज्यांनी सोडलं नाही त्यांनी घरात कपाटं रिकामी केली.

आमच्या घरात दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस उभा राहील एवढी फट होती. तिथे मी गोधड्या टांगल्या, खाली गादी टाकली, वर प्लायवूडचा तुकडा ठेवून त्यावरही गोधडी घातली. समोरच्या शोकेसच्या काचेवरून आवाज परत यायचा, म्हणून शोकेस काढावं लागलं. त्यातली बुद्धाची मूर्ती, लग्नातला फोटो आणि बायकोच्या कप-बश्या बाहेरच्या खोलीत गेल्या. रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, लॅपटॉप पलंगाखाली. बायको कामावर गेलेली असते. आई घरात असते. तिने बाहेर जायचं ठरवलं, मी सांगितलं नव्हतं. ती स्टूल घेऊन गॅलरीत बसायला लागली. आईचं वय सत्तरीच्या पुढचं. मी आत गोधड्यांमध्ये उभा राहून कधी गृहकर्जाबद्दल, कधी पर्यटनाबद्दल बोलत असे, आणि ज्या बाईचं ते घर होतं ती दाराबाहेर बसलेली असे.

स्टुडिओत फक्त आवाज ऐकला जायचा. लिंकवर खोली ऐकली जाते. बंगळूर, दिल्ली, अंधेरी एकाच वेळी माझ्या हेडफोनमध्ये येतात आणि माझी खोली त्यांच्या हेडफोनमध्ये जाते. नवं काम देण्याआधी ते खोलीचा नमुना मागतात. माइक चालू ठेवून अर्धा मिनिट गप्प बसायचं आणि ती फाइल पाठवायची. आवाजाचा नमुना त्यानंतर. माझ्यापेक्षा बऱ्या आवाजाच्या काही माणसांच्या पुढे मी गेलो आहे, कारण ती रस्त्यालगत राहतात. माझ्यापेक्षा साध्या आवाजाची काही माणसं माझ्या पुढे गेली आहेत, कारण ती विसाव्या मजल्यावर राहतात.

चाळीला हे समजावून सांगणं मला जमलं नाही. आईला जमलं. स्टुडिओच्या दारावर लाल दिवा असतो असं मी तिला एकदा सांगितलं होतं. तिने लाल टॉवेल काढला आणि गॅलरीच्या कठड्यावर टाकला. टॉवेल दिसला की आत काम चालू. चाळीने थट्टा केली आणि पाळलंही. शेजारचे काका खालच्या आवाजात आईला विचारायचे, "वहिनी, टॉवेल लागलाय. आता शिंकू की नको?"

"शिंका की. पण उपरण्यात."

मासे विकणारी कोळीण मात्र ऐकायची नाही. आईने ओठांवर बोट ठेवलं की तिचा आवाज चढायचा. "बोलतोय तर बोलू दे त्याला! मी काय त्याची जीभ धरली?" हे वाक्य एका आयुर्विम्याच्या रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट उतरलं होतं. तो टेक मी पुन्हा दिला. माणसाचा आवाज एकदाच येतो आणि जातो. त्याची अडचण नव्हती.

अडचण तळमजल्यावर होती. आमच्या खोलीच्या बरोबर खाली मसाल्याचं कांडप आहे. वाळवलेल्या, भाजलेल्या मिरच्या आणि खडा मसाला घेऊन बायका तिथे येतात. मशीनची लोखंडी मुसळं वरखाली होत तो कुटतात. होळी झाली की गर्दी सुरू होते आणि पाऊस लागेपर्यंत टिकते. वर्षभराच्या मसाल्याची बेगमी याच दिवसांत होते आणि कांडपवालीची वर्षभराची कमाईही याच दिवसांत. कांडप चालवणाऱ्या बाईला सगळी चाळ मावशी म्हणते. ती मूळची मालवणकडची. नवरा गेल्यावर तिने मशीन एकटीने चालवली. मी शाळेत असल्यापासून ती मला झिला म्हणते, म्हणजे मुला.

मिरचीचा खकाणा वर येतो. त्याची मला लहानपणापासून सवय आहे. खिडकी बंद केली आणि गरम पाणी प्यायलं की घसा सांभाळता येतो. मुसळांचा आवाज सांभाळता येत नाही. गोधड्या बारीक आवाज अडवतात. हा आवाज हवेतून येत नाही, जमिनीतून येतो. तो तळव्यांना लागतो आणि माइकच्या स्टँडमधून वर चढतो. ऐकताना वाटतं, कोणीतरी दूर कुठेतरी ठरावीक अंतराने दार ठोठावतंय.

लिंक सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका निर्मात्याने विचारलं, "सर, मागे काहीतरी धडधडतंय. काय आहे?"

"शेजारी टॉवरचं काम चाललंय," मी म्हणालो.

"ओह. मुंबई!" तो म्हणाला आणि लिंकवरचे सगळे हसले.

टॉवरचं काम खोटं नव्हतं. लालबागमध्ये कुठे ना कुठे ते चालूच असतं. पण धडधड त्याची नव्हती. मी एक खरी गोष्ट दुसऱ्या खऱ्या गोष्टीच्या जागी ठेवली. बांधकामाचा आवाज कोणाच्याही घरी येऊ शकतो. मसाला कुटल्याचा आवाज आला की माणूस नेमका कुठे राहतो ते कळतं. ते काम दुसऱ्याकडे गेलं. निर्मात्याने कारण सांगितलं नाही, आणि सांगण्याची गरजही नव्हती.

मी खाली गेलो. मावशीने तोंडाला पदर बांधला होता आणि ती चमच्यासारख्या लांब पळीने उखळातला मसाला हलवत होती. मी काय हवं ते सांगितलं.

"किती वेळ?" तिने पदराआडून विचारलं.

"अकरा ते बारा. रोज नाही. काम असेल त्या दिवशी."

"अकराला माझी खरी गर्दी. पोरं शाळेत गेली, जेवण झालं, की बाया येतात."

"माहीत आहे. त्यांची वेळ बदलत नाही. वेळ ते ठरवतात."

"ते कोण?"

"बंगळूरचे. दिल्लीचे."

"आणि तिथे माझी मशीन ऐकू जाते?" ती रांगेतल्या बायकांकडे वळली. "ऐकलंत? दिल्लीपर्यंत गेलो आपण." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं. आदल्या दिवशी सांगत जा. बायांना मी बघते."

तिने पाटीवर खडूने लिहून ठेवलं: अकरा ते बारा कांडप बंद. वर रेकॉर्डिंग. ज्या दिवशी माझं काम असे त्या दिवशी ती पाटी बाहेर ठेवायची.

त्या एका तासाची किंमत मला माहीत होती. भाजलेली मिरची कुरकुरीत आहे तोवर कुटावी लागते. इथल्या दमट हवेत ती ठेवली की नरम पडते आणि मग नीट बारीक होत नाही. त्यामुळे भाजून आणलेली बाई थांबत नाही. लालबागमध्ये कांडपं पुष्कळ आहेत. ती डबा उचलते आणि पुढच्या गल्लीत जाते. ज्या बाईने एकदा दुसरीकडे कुटलं ती पुढच्या वर्षी सवयीने तिकडेच जाते. मावशीला हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी ती मशीन थांबवायची, आणि मला कामं मिळू लागली.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका जाहिरातीचं काम आलं. कशाची जाहिरात ते आधी सांगितलं नाही. यात नवं काही नव्हतं. नवी वस्तू बाजारात यायची असली की कंपन्या कागद शेवटच्या घटकेला पाठवतात. मोठं काम आहे, टीव्हीवरही दिसेल, एवढंच कळवलं होतं. आदल्या दिवशी मी मावशीला सांगितलं. अकराला मशीन थांबली. खाली बायका डबे घेऊन बसल्याचं आईने गॅलरीतून बघितलं आणि मला सांगितलं. मी गोधडीत शिरलो, लिंक जोडली आणि कागद आला.

जाहिरात तयार मसाल्याच्या पाकिटाची होती. माझ्या वाट्याला असलेल्या ओळी अशा होत्या: "तोच रंग. तीच चव. आता ना वाळवण, ना भाजणं, ना कांडपाच्या रांगा."

दिग्दर्शिका पुण्याच्या होत्या, बंगळूरात बसलेल्या. बोलायला नम्र आणि कामात काटेकोर. धडधडीमुळे गेलेल्या त्या कामाच्या वेळीही त्या लिंकवर होत्या. कंपनीची माणसंही लिंकवर होती, पण त्यांनी आपले माइक बंद ठेवले होते.

"सर, खोली आज मस्त शांत आहे," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी तुमच्याकडे टॉवरचं काम होतं ना? संपलं?"

"आज बंद आहे."

"छान. तर बघा, 'कांडपाच्या रांगा' म्हणताना थोडा कंटाळा येऊ दे. म्हणजे आपण सगळ्यांनी ते सोसलंय असं. आणि मग पुढच्या ओळीला सुटका."

मी वाचलं.

"कंटाळा जास्त झाला. चिडलेला वाटतोय. आपुलकीचा कंटाळा हवा."

मी पुन्हा वाचलं.

"जवळपास. 'रांगा' वर किंचित हसू? जसं आपण आपल्या आजीला हसतो तसं."

बातम्या वाचताना पहिली गोष्ट शिकवली होती की वाचणाऱ्याने मजकुराशी भांडायचं नसतं. मजकूर दुसऱ्याचा, आवाज आपला. ही शिस्त पुढे इतकी वर्षं उपयोगी पडली. त्या दिवशीही पडली. मी 'रांगा' वर हसू आणलं. माझ्या पायांखाली, एका मजल्याच्या अंतरावर, ती रांग गप्प बसली होती, आणि माझ्यामुळे गप्प बसली होती. मला तेव्हा थांबता आलं असतं. घसा बसलाय असं सांगता आलं असतं. मी थांबलो नाही, कारण टेक चांगला चालला होता. हे कारण लिहिताना बरं वाटत नाही, पण दुसरं कारण नव्हतं.

काम बारापर्यंत संपलं नाही. कंपनीच्या माणसाने माइक उघडला आणि 'तीच चव' वेगळ्या सुरात मागितलं. मग त्यांनी आपसात चर्चा केली. ती चर्चा मला ऐकू येत होती आणि मला त्यात बोलायचं नव्हतं. बारा वाजून गेले तरी मशीन सुरू झाली नाही. टॉवेल अजून कठड्यावर होता आणि मावशी टॉवेलवर जात होती, घड्याळावर नाही. शेवटी दिग्दर्शिका म्हणाल्या, "लव्हली, सर. झालं." हेडफोन काढला तेव्हा चाळ इतकी शांत होती की मला स्वतःचा श्वास ऐकू आला.

मी बाहेर येऊन टॉवेल उचलला. आई स्टूलवरून उठत म्हणाली, "आज किती लांबलं रे. पिवळी साडीवाली चिडून गेली. मागच्या दोघीही तिच्याबरोबर गेल्या. मिरच्या भाजून आणल्या होत्या त्यांनी."

मी खाली गेलो. मशीन सुरू होत होती. मावशीने वर बघितलं. "झालं?"

"झालं. आज उशीर झाला. तुझी गिऱ्हाइकं गेली."

"जाऊ दे. कसं झालं ते सांग. कसलं होतं?"

"जाहिरात."

"अरे पण कसली?"

"खाण्याच्या वस्तूची," मी म्हणालो.

"मग बरं. पोटाचं काम." तिने हात हलवून मला धुळीतून बाजूला व्हायला सांगितलं.

बातमीच्या कामात याला एक सभ्य नाव आहे. मिळालेल्या माहितीपैकी तूर्त एवढीच दिली, असं म्हणतात.

जाहिरात मेमध्ये आली. मी ती प्रथम आईबरोबर पाहिली. स्वच्छ स्वयंपाकघर, हसरी सून, पाकिटातून रश्श्यात पडणारा लाल मसाला. सुरुवातीला, 'ना कांडपाच्या रांगा' या शब्दांखाली, एक धप धप आवाज होता. कोणत्या तरी साठवणीतून काढलेला, गोड केलेला, एका तालात. ज्या आवाजाने माझी कामं गेली तो त्यांनी नंतर वरून घातला होता. त्यासाठी त्यांना माझ्या खोलीतली शांतता हवी होती.

आईने शेवटपर्यंत बघितलं. मग रिमोट खाली ठेवून विचारलं, "खाली माहीत आहे?"

"नाही."

"तू सांगशील की मी सांगू?"

कोणालाच सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी कोणीतरी मावशीला ती फोनवर दाखवली. मी दूध आणायला उतरलो तर तिने मला हाक मारून थांबवलं. फोन तिच्या हातात होता, बायका भोवती होत्या. तिने जाहिरात लावली. माझा आवाज त्या दुकानात, मिरचीच्या वासात, फोनच्या बारक्या स्पीकरमधून आला. तिने ती पुन्हा लावली.

"आवाज छान लागलाय," ती म्हणाली. मग बायकांना म्हणाली, "ऐकलंत? तुमची रांग काढलीय ह्याने टीव्हीत."

सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "मग मावशी, आम्ही पाकीटच घेतो. उन्हात कोण बसणार?"

"घ्या की. पाकिटात शिंका मिळतात का विचारा."

अजून हसू झालं. मीही हसलो. मी त्या घोळक्यात उभा राहून, दुधाची पिशवी हातात धरून, सगळ्यांबरोबर हसलो. दिग्दर्शिकेने जे हसू मागितलं होतं ते मला तेव्हा बरोबर साधलं असावं. त्यानंतर काही दिवस मी मागच्या जिन्याने ये-जा केली.

मावशी बदलली नाही. मी आदल्या दिवशी सांगायचो, ती पाटी बाहेर ठेवायची. पण विचारायला जाणं मी रात्रीपर्यंत लांबवायचो. या वर्षी होळीनंतर मी मनाशी ठरवलं की हंगामात अकराची वेळ घ्यायची नाही. संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर जे काम बसेल ते करायचं, बाकी सोडायचं. हा निर्णय मी कोणाला सांगितला नाही. मला तो न्याय्य वाटत होता आणि थोडा अभिमानही वाटत होता, हे नोंदवायला हवं.

एप्रिलमध्ये त्याच पुण्याच्या दिग्दर्शिकेचा फोन आला. त्याच मसाल्याची दुसरी जाहिरात, तोच आवाज हवा, सकाळी अकरा. मी म्हटलं, त्या वेळी जमणार नाही. दुसरं काम आहे. त्या दिवशी दुसरं काम नव्हतं. त्यांनी संध्याकाळचं विचारून बघितलं, पण कंपनीच्या माणसांना सोयीचं नव्हतं. "पुढच्या वेळी नक्की, सर," त्या म्हणाल्या. मी सकाळभर गॅलरीत बसून राहिलो. खाली मशीन चालू होती. रांग भरपूर होती. मी ती वरून बघत होतो, जणू ती मीच तिथे बसवली आहे.

जाहिरात आली. तेच स्वयंपाकघर, तीच सून, आवाज वेगळा. चांगला आवाज होता.

दोन दिवसांनी मावशीने खालून हाक मारली. दुपारची वेळ होती, रांगेत तीनच बायका होत्या. तिने मशीनचं बटण बंद केलं, तोंडावरचा पदर खाली ओढला.

"तो आवाज तुझा नाय."

"कुठला?"

"मेल्या, कुठला म्हणून काय विचारतोस? मसाल्याच्या नव्या जाहिरातीतला. मी बायांना म्हटलं, ह्याचाच आहे, लावा. लावली, तर दुसराच कोणीतरी. माझं हसं झालं. तुला बोलावलं नाही?"

"बोलावलं होतं."

"मग?"

"अकराची वेळ होती. हंगाम चालू आहे. मी नाही म्हटलं."

हातातली पळी तिने उखळाच्या कडेवर ठेवली.

"माका कित्याक नाय इचारलंस?"

रागावली की ती मालवणीत जाते. मी म्हणालो, "मावशी, गेल्या वर्षी तुझी तीन गिऱ्हाइकं गेली. ती परत आली नाहीत."

"ती माझी गिऱ्हाइकं. गेली तर माझी गेली. तू मोजत बसलास?"

"मला बरं वाटत नव्हतं. आणि ती जाहिरात तरी कसली. तू मशीन बंद करून बसलीस आणि मी वर—"

"तू वर काय बोललास ते मी ऐकलंय. तुझ्याआधी ऐकलंय. रोज येणारी प्रत्येक बाय मला तेच सांगते, मावशी, पाकीट सोपं पडतं. त्यात काय नवीन? माझी मशीन काय तुझ्या आवाजावर चालते?"

रांगेतल्या एका बाईने हळूच म्हटलं, "मावशी, माझ्या मिरच्या नरम पडतील गो."

"पडू दे जरा. बस." ती परत माझ्याकडे वळली. "तुला वाटलं, म्हातारीचं नुकसान होईल. तुला माझी दया आली."

"दया नाही."

"मग काय?"

"लाज वाटली."

"कोणाची? माझी?"

मला लगेच नाही म्हणायला हवं होतं. मी लगेच म्हणालो नाही. या मधल्या वेळात तिने उत्तर घेतलं. तिच्या चेहऱ्यावर फार काही दिसलं नाही. तिने पदर पुन्हा तोंडाला बांधला, गाठ मानेमागे घट्ट केली आणि मगच बोलली, त्यामुळे शब्द जाड कापडातून आले.

"मी मशीन बंद केली ती माझ्या मर्जीने. नाही म्हणायचं असतं तर मला तोंड होतं. माझ्या वतीने तू नाही म्हणू नकोस. विचारायला ये. नाही म्हणायचं असेल तर ते मी म्हणेन."

बायका ऐकत होत्या. इतक्या वर्षांत हजारो वाक्यं मी परक्या माणसांसाठी नीट, चढउतारासकट बोललो आहे. तिथे मला सुचलं ते एक कामाचं वाक्य. त्याच दिवशी दिल्लीहून एका माहितीपटाच्या निवेदनासाठी विचारणा आली होती आणि मी अजून उत्तर दिलं नव्हतं.

"गुरुवारी अकराला एक आहे," मी म्हणालो. "तासभर लागेल. थांबवशील?"

तिने विचार केला. खरोखर केला. बोटांवर मोजत कुठल्यातरी नावांची उजळणी केली.

"गुरुवारी नाय जमणार. लग्नाघरचा मसाला यायचा आहे, मोठा आहे. शुक्रवारी बघ."

मी वर आलो. आई आत झोपली होती, म्हणून गॅलरीतूनच दिल्लीला फोन लावला. तिथल्या बाईंना सांगितलं की गुरुवारी होणार नाही, शुक्रवारी चालेल का. त्यांनी विचारलं, "काही अडचण, सर?" मी सांगितलं की मी लालबागच्या चाळीत राहतो. आमच्या घराखाली मसाला कुटायची मशीन आहे. तिचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. गुरुवारी मशीनवालीला ती बंद ठेवता येणार नाही.

"मसाला कुटायची?" त्या म्हणाल्या. मग, "एक मिनिट, सर, विचारून सांगते."

मशीन सुरू झाली होती आणि फोनमधून ती त्यांनाही ऐकू जात असणार. मी फोन हाताने झाकला नाही.

त्या परत आल्या. शुक्रवार त्यांना चालणार नव्हता. वेळापत्रक पक्कं झालं होतं. त्यांनी आभार मानले.

मी खाली जाऊन मावशीला काम गेल्याचं सांगितलं. मशीनच्या आवाजात मला दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून.

"बरं," ती म्हणाली आणि पुढच्या बाईचा डबा ओढून घेतला.